यंदा पाट राहू दे

वरसे, रोहा
८ जानेवारी २०२६

ती. पुतळीआत्यास,
दिपिकाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला की तुला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की आईलाच काय, पलीकडच्या आळीलाही कळतं. मेसेज करावा तर तुझा लेक हर्षददादा तो तुला कारखान्यात सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचून दाखवतो. आणि ही गोष्ट आईला अजिबात कळता कामा नये, म्हणून पोस्टाचं तिकीट चिकटवलं.

आत्या, मला नोकरी लागली! पूर्ण वेळेची, प्रोग्रॅमिंगची. ठाण्याची छोटी कंपनी आहे, सात-आठ माणसांची. लहान कारखान्यांना ऑर्डरी सांभाळायचं सॉफ्टवेअर करून देतात. मुलाखतीत विशाल सरांनी विचारलं की एखादा धंदा तू जवळून पाहिलायस का. मी तू रंगकाम करतेस त्या गणपतीच्या कारखान्याबद्दल बोलायला लागले ती थांबलेच नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मग हेच काम कर, पेणच्या कारखान्यांसाठी काहीतरी करायचं आमच्याही डोक्यात आहे. मी अजून शिकतेय हे त्यांना माहीत आहे. तीन महिने कच्ची नोकरी, काम पसंत पडलं तर पक्की. कॅमेऱ्यावर हजेरी असते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

आता तू विचारशील की नऊ ते सहा काम, तर कॉलेजचं काय. तेच तर सांगत नाहीये मी आईला. प्रविणदादाने शेवटच्या वर्षी डिप्लोमा सोडून धाटावच्या कंपनीत नोकरी धरली. वर्षभरात कंत्राट संपलं, तेव्हापासून तो रोजंदारीवर शिफ्ट करतो आणि त्याच्याहून लहान पोरं त्याला हुकूम सोडतात. त्यानंतर आईने मला देवासमोर बसवून वदवून घेतलं की पदवी हातात पडल्याशिवाय नोकरीचं नाव काढायचं नाय. मी होय म्हटलं होतं. आता तिला वाटतं मी कॉलेजात जाते, आणि मी जाते अक्साकडे. अक्सा माझ्या वर्गातली, तिचे अब्बा मुसाचाचा कुवेतला असतात. त्यांच्याशी बोलायला म्हणून घेतलेलं इंटरनेट तिच्या घरी फार चांगलं आहे, आणि माडीवरची खोली रिकामी. वर्गातलं ती मला उतरवून देते.

तू एवढंच कर. कारखान्यात गिऱ्हाईक आल्यापासून मूर्ती दाराबाहेर पडेपर्यंत काय काय होतं ते मला सविस्तर लिही. उत्तर अक्साच्या पत्त्यावर टाक. लोभ ठेव, आणि तोंडाला कुलूपही ठेव.

तुझी,
दिपिका

*

पेण
१५ जानेवारी २०२६

चि. दिपिकास,
पुतळीआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र हर्षदच्या हाती पडण्याआधी मीच झडप घातली. तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले आणि तिसऱ्यांदा तुझा कान धरावासा वाटला. अगो बाय, आपल्या घरात पहिली संगणकावरची नोकरी आणि तिचे पेढेसुद्धा वाटायचे नाहीत? नाथा असता तर त्याने मिठागरावर ढोल लावला असता. बाप गेला आणि आनंदही चोरून करायची पाळी आली.

पण तुझी आई काही उगीच म्हणत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं कोणी बघत नाही. मी वहिनीला आपण होऊन सांगणार नाही, पण तिने समोर विचारलं तर मला खोटं बोलता यायचं नाही. माझ्या तोंडावर सगळं दिसतं.

आता कारखान्याचं. बाहेरचे व्यापारी शेठला फोन करतात, नग सांगतात, रंग सांगतात, ते सरळ आहे. त्यांचा माल आधी रवाना होतो, कारण बोटीने जायचा असतो. घरच्या गणपतीचं तसं नाही. घरचा माणूस आपला पाट घेऊन येतो. पाटावर मागे नाव घातलेलं असतं, वर सुपारी ठेवून तो शेठच्या हाती देतो. पाट दिला म्हणजे गणपती सांगितला, मग वेगळं काही लिहायची गरज नाही. चतुर्थीला त्याच पाटावर मूर्ती बसवून डोक्यावरून घरी न्यायची. एखाद्या घरात वाईट घडलं तर कोणी गणपती नको असं म्हणत नाही. निरोप येतो की यंदा पाट राहू दे. मग शेठ तो पाट माळ्याच्या फळीवर ठेवतात, पुढच्या वर्षीसाठी.

तुमचा पाट अजून त्या फळीवरच आहे, तुला ठाऊक असेल. नाथा गेला त्या वर्षी सुतक होतं, ते समजू शकते. पण नंतरच्या दोन्ही वर्षी वहिनीने तोच निरोप धाडला. मी महिन्या-दोन महिन्यांनी वर चढून त्याच्यावरची धूळ पुसते. तिला काही विचारायची माझी छाती होत नाही.

मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावायचे दिवस आहेत, पण खाण्यापायी अभ्यास सोडू नकोस. दोन दगडांवर पाय ठेवलायस, खाली बघून चाल. आशीर्वाद आहेतच, ते काही कच्चे नाहीत.

तुझी आत्या,
पुतळी

*

वरसे
२० फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
दिपिकाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी लॅपटॉपशेजारी उघडं ठेवून काम केलं. परवापासून तुमच्या हरेश शेठच्या कारखान्यात जे नवीन सॉफ्टवेअर सुरू झालंय ना, ज्यात तुमचे मुनीम गोविंदाकाका एका बोटाने टाइप करतात, ते मी लिहिलंय. कोणाला सांगू नकोस. नाही, तसं थोडं सांग.

रोज सकाळी नऊला मीटिंग असते. सगळे इतकं भराभर इंग्रजीत बोलतात की मी आधी वहीत वाक्य जुळवते आणि ते बोलायच्या आत विषय पुढे गेलेला असतो. पहिल्याच मीटिंगला अक्साच्या अम्मीचा, फरझानाखालांचा, कोंबडा खिडकीत येऊन आरवला. सगळे हसले, मला मात्र वाटलं गेली नोकरी. काही अडलं तर विचारायला सांगितलंय, पण विचारलं की हिला काही येत नाही असं वाटेल, म्हणून मी विचारत नाही. रोजे सुरू झाल्यापासून त्या घरात बसून डबा उघडायचा मला संकोच वाटतो, तर फरझानाखाला स्वतः ताट आणून ठेवतात आणि म्हणतात की रोजा आमचा हाय, तुझा नाय, गुमान जेव.

आई हल्ली डबा मोठा देते. दोन भाकऱ्यांच्या जागी तीन, आणि वालाचं बिरडं असलं तर वेगळ्या वाटीत. विचारलं तर म्हणाली की अभ्यासाने भूक लागते. मी रिकामा डबा तिच्याकडे न बघता मोरीत ठेवते गं आत्या. तिकडे कॉलेजात सुशील सरांनी माझी हजेरी कमी असल्याचं अक्साजवळ सांगून पाठवलंय. शनिवारी प्रॅक्टिकलला जाते तेव्हा मी मागच्या बाकावर बसते.

एक गोष्ट सांगते. विशाल सरांनी दिलेल्या कामांत ‘रद्द’ असं एक बटण करायला सांगितलं होतं, ऑर्डर रद्द करायचं. ते मी केलं नाही. लिहायला घेतलं आणि हात चालेना. गणपतीच्या नावापुढे रद्द कसं लिहायचं? बाबांच्या वर्षी आपल्याकडेसुद्धा कोणी हा शब्द काढला नव्हता. पेणमध्ये गणपती कोणी रद्द करत नाही, मग बटण हवंय कशाला, असा मी विचार केला. सरांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. आलं की समजावून सांगेन.

इथून पुढे लोभ जरा जास्तच लागेल, तेवढा राखून ठेव.

तुझी,
दिपिका

*

पेण
१२ मार्च २०२६

चि. दिपिकास,
अ. उ. आ.

हे पत्र लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मुंबईचा एक व्यापारी आहे, परदेशी माल पाठवतो. त्याच्या चाळीसेक मूर्ती होत्या. वीसेक दिवसांपूर्वी त्याने गोविंदाला फोन केला की माझा माल यंदा जात नाही, ऑर्डर काढून टाका. पूर्वी शेठ फळ्यावरचं नाव पुसायचे आणि विषय संपायचा. फळा तर आता काढून ठेवलाय, सगळं तुझ्या त्या पडद्यावर. गोविंदाने तिथे खूप शोधलं, पण काढून टाकायला जागाच सापडेना. म्हणाला नंतर कोणाला तरी विचारू, आणि विसरला. पडद्यावर ऑर्डर तशीच राहिली, आणि आम्ही बायका रोज सकाळी त्या पडद्यावर बघून रंगकाम घेतो.

सगळ्या मूर्ती रंगवून झाल्या. त्याला हवा होता तसा गुलाबी पितांबर आणि वर चंदेरी बुट्टी. मी स्वतः रंगवल्या, आणि बुट्टी काढताना पाठ मोडली म्हणून कुरकुरलेही. आता त्या रांगेने उभ्या आहेत. इकडच्या गिऱ्हाइकाला पिवळा नाहीतर लाल लागतो, गुलाबीकडे कोणी बघत नाही. शेठ गोविंदावर ओरडले, गोविंदा पडद्यावर ओरडला. मग शेठने तुमच्या ठाण्याला फोन लावला. मी शेजारीच होते, काही ऐकू आलं नाही, पण शेठचा चेहरा दिसत होता.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझ्या पत्रात ते रद्दचं वाचून मी मान डोलावली होती, म्हटलं शहाणी गो माझी पोर. घरच्या गणपतीचं आपल्या दोघींच्या डोक्यात इतकं पक्कं की व्यापारी आठवलाच नाही. तेव्हा चूक निम्मी माझी. जेवणावर राग काढू नकोस. विशाल सरांना खरं काय ते सांग.

तुझी,
पुतळीआत्या

*

वरसे
२ एप्रिल २०२६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मधले काही दिवस हातात पेन धरवत नव्हतं.

विशाल सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी शांतपणे विचारलं की बटण करायचं नव्हतं तर मला सांगितलं का नाहीस. आता ते स्वतः ९ एप्रिलला सकाळी हरेश शेठकडे येणार आहेत, नुकसानीचं बोलायला. मी तिथे हजर राहायचं, दुरुस्त केलेलं काम शेठसमोर चालवून दाखवायचं आणि त्यानंतर मला ठेवायचं की नाही ते ठरेल. तीन महिने त्याच आठवड्यात पुरे होतात.

आणि आत्या, ९ एप्रिलला माझा पेपर आहे. साडेदहा ते एक. सुशील सरांनी कसाबसा हॉलतिकिटाला होकार दिलाय. आधी म्हणाले होते की पालकांना घेऊन ये, मग एकाएकी म्हणाले की राहू दे, हे घे. का ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

मी खूप विचार केला. पेपर ऑक्टोबरमध्ये परत देता येतो, नोकरी परत मिळत नाही. इथे जवळपास अशी कामं आहेत कुठे? माझ्या वर्गातल्या पोरी अजून कुठे कुठे अर्ज टाकतायत. तेव्हा तो पेपर मी सोडणार आहे. सकाळी पेपरला म्हणून निघेन आणि पेणची एसटी धरेन. हे प्रविणदादासारखंच झालं असं तू म्हणशील. मलाही आंघोळ करताना, जेवताना, चालताना तेच वाटतं. पण त्याच्या वेळी त्यालाही असंच वाटलं असेल ना, की आत्ता हे धरलं पाहिजे? मला त्याचा राग यायचा, आता येत नाही.

तू कारखान्यात असशीलच. माझ्या शेजारी उभी राहा, बाकी काही नको.

घाबरलेली,
दिपिका

*

पेण
५ एप्रिल २०२६

चि. दिपिकास,
अ. उ. आ.

पोस्टावर भरवसा नाही म्हणून हर्षदच्या हाती धाडते आहे. त्याला सांगितलंय की पाकीट फोडलंस तर तंगडं मोडीन.

मी त्या दिवशी कारखान्यात नसेन. गागोद्याला लेकीचे दिवस भरलेत, उद्या तिकडे जाते आहे. ती बाळंत होऊन सावरेपर्यंत येणं नाही. तुझ्या शेजारी कोण उभं राहणार हाच विचार सारखा येतोय.

पेपर सोडू नकोस असं लिहिते आणि खोडते. नोकरीतलं मला काय कळतं? पण एक कळतं. पेपर सोडलास तर ते आईला आज ना उद्या समजणार, आणि मग तुला नोकरी राहिली तरी त्या घरात हसून जेवण होणार नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो. तू त्या सरांना भितेस, कॉलेजला भितेस, आईला सर्वांत जास्त भितेस. त्यातल्या एकाला तरी जाऊन सांग. माझं ऐकशील तर आईला. मार बसला तर माझ्या नावाचा अर्धा बाजूला काढून ठेव.

तुझीच,
आत्या

*

वरसे
११ एप्रिल २०२६

ती. पुतळीवन्सं यांस,
गागोदे बुद्रुक मुक्कामी,
यमुनेचा सा. न. वि. वि.

बाळ-बाळंतीण खुशाल असल्याचं हर्षदने कळवलं. मुलगी झाली, फार आनंद झाला. आता तुमचा कान धरते. वयाने मोठ्या आहात म्हणून फक्त पत्रातून.

तुम्ही दोघी मला तीन महिने काय समजलात? रोजे लागायच्या आधीच फरझाना मला रोह्याच्या मासळीबाजारात भेटली. म्हणाली की तुमची पोर दिवसभर कामात मान वर करीत नाय, तिला जरा नीट जेवण द्या. मी तिथे बोंबलाचा वाटा हातात धरून उभीच राहिले. घरी येऊन आधी रडले, मग चिडले. दिपिका संध्याकाळी आली, तिचं तोंड एवढंसं झालेलं. विचारायला तोंड उघडलं आणि विचारलं नाही. म्हटलं ही आपणहून सांगते का बघू. दुसऱ्या दिवसापासून एक भाकरी जास्त घातली. कॉलेजात जाऊन सुशील सरांना मीच भेटले. पोर घरी बसून नाही, काम करतेय, एवढं सांगितलं. त्यांनी अडवलं नाही, पण पेपर एकही चुकता कामा नये असं बजावलं.

बुधवारी संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, तर ही समोर येऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. रद्दचं बटण, गुलाबी पितांबर, दुसऱ्या दिवशी पेपर सोडायचं ठरवलेलं तेसुद्धा. मी तिचं पुरं होऊ दिलं. मग विचारलं की त्या सरांना पेपरचं सांगितलंस का. तर म्हणे नाही, ते काय म्हणतील. वन्सं, तेव्हा मात्र मी तांदळाचं सूप खाली आपटलं. तिला सांगितलं की उद्या तू पेपरला जायचं आणि पेणला मी जाईन, तू येईपर्यंत तुझ्या जागी बसेन.

दिपिकाचे बाबा गेल्यापासून मी त्या कारखान्याची पायरी चढले नव्हते. दारात रंगाचा वास आला, तशी चौकट धरून आत गेले. आत विशाल सर बसलेले. मला वाटलं होतं कोणी मोठा साहेब असेल, तर आपल्या प्रविणच्या वयाचा मुलगा. त्यांना सांगितलं की दिपिकाचा पेपर हाय, दोन वाजेस्तोवर येल, तवर मी बसते. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले की पेपर आहे हे मला कोणी सांगितलंच नाही, मी तारीख बदलली असती. तीनतीनदा म्हणाले. एवढ्यासाठी आपल्या पोरीला आठ दिवस पाणी गोड लागलं नव्हतं.

दिपिका अडीचला धापा टाकत आली. मी कोपऱ्यात बसून होते. तिने शेठना पडदा दाखवला. व्यापाऱ्यांसाठी रद्द आहे, दाबलं की सगळ्यांना लगेच दिसतं. घरच्या गणपतीसाठी दुसरं बटण आहे आणि त्यावर लिहिलंय, यंदा पाट राहू दे. ते दाबलं की नाव पुसलं जात नाही, पुढच्या वर्षात जाऊन बसतं. शेठनी माळ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. फळीवर एकाच पाटावर धूळ नव्हती. ते काम कोणाचं हे मला सांगायला नको.

सरांनी तिला बाहेर नेऊन चांगलं सुनावलं. पुन्हा मनाने काही गाळलंस आणि सांगितलं नाहीस तर ठेवणार नाही म्हणाले. शेठचं नुकसान कंपनी आणि शेठ मिळून सोसणार आहेत. तिला ठेवून घेतलंय, पण निकाल लागून पदवी हातात आल्यावरच पक्कं करणार. ती अट त्यांनी घातली की मी घातली असं विचारू नका. अजून दोन पेपर आहेत, ती पुस्तक घेऊन बसते आणि दर घटकेला विचारते की नापास झाले तर. मलाही धाकधूक आहे, पण आता दोघींची एकत्र आहे.

वन्सं, माझं एक काम करा. दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी मी निरोप का धाडला हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. सुतक नव्हतं. दिपिकाचे बाबा पाट डोक्यावर घेऊन वळणावर दिसायचे, मी ओवाळायला दारात उभी असायचे. ते वळण रिकामं बघवणार नाही असं वाटायचं. तुम्ही पेणला परतलात की शेठना सांगा, आमचा पाट खाली काढा. त्या चाळीसांतला एक गणपती त्यावर बसवा. गुलाबी तर गुलाबी, तुमच्या हातचा आहे. आणायला दिपिका येईल. गौरी-गणपतीची सुट्टी तिने कारखान्यातून निघतानाच सरांकडे मागून घेतली, माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने.

बाळाला माझे आशीर्वाद. आमच्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, पण पुढच्या वेळी चोरून करू नका.

तुमची भावजय,
यमुना